मेंढ्यांच्या काळजातला लिव्हर फ्लूक : कसा पसरतो, कसा ओळखायचा आणि कधी कोणतं औषध पाजायचं

पावसाळ्यात दोनदा जंताचं औषध पाजलं, तरी दिवाळीनंतर मेंढरं वाळत जातात. जबड्याखाली पाणी उतरतं, लोकर हाताला येते, कोकराला दूध पुरत नाही आणि काही मेंढ्या आजारी न दिसताच सकाळी मेलेल्या सापडतात. अशा वेळी बहुतेक मेंढपाळ औषध बदलतात, नाहीतर डोस वाढवतात. पण कळपाला लिव्हर फ्लूक लागला असेल तर नेहमीच्या जंताच्या औषधाचा त्यावर काहीच उपयोग होत नाही. हा जंत वेगळा, तो लागतो ती जागा वेगळी आणि त्याचं औषधही वेगळं आहे.

महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. लोकरीला आता भाव राहिलेला नाही. मेंढपाळाचं घर चालतं ते कोकरांच्या विक्रीवर आणि शेतात मेंढ्या बसवण्याच्या पैशावर किंवा धान्यावर. लिव्हर फ्लूक आधी आईचं दूध आटवतो आणि मग कोकराचं वजन घटवतो, म्हणजे थेट या कमाईवरच येतो. म्हणून त्याची पूर्ण माहिती एका जागी देत आहोत.

लिव्हर फ्लूक म्हणजे काय?

लिव्हर फ्लूक हा पानासारखा चपटा जंत आहे. पुस्तकात त्याला पर्णकृमी किंवा यकृतकृमी म्हणतात. त्याच्या दोन मुख्य जाती आहेत. थंड हवेच्या डोंगराळ भागात, म्हणजे काश्मीर-हिमाचलकडे आणि युरोपात, फॅसिओला हेपॅटिका ही लहान जात आढळते. आपल्याकडच्या उष्ण भागात फॅसिओला जायजँटिका ही मोठी जात असते. ती अडीच ते साडेसात सेंटीमीटरपर्यंत लांब वाढते, म्हणजे मोठा जंत बोटाएवढा भरतो.

हा जंत आतड्यात राहत नाही, काळजात राहतो. काळजातल्या पित्ताच्या नळ्यांत बसून तो रक्त पितो आणि तिथंच अंडी घालतो. एक जंत दिवसाला हजारो अंडी घालू शकतो. ती पित्ताबरोबर आतड्यात उतरतात आणि लेंडीतून बाहेर पडतात.

मेंढी, शेळी, गाय, म्हैस या सगळ्यांना हा जंत लागतो. फरक एवढाच की म्हैस आणि मोठी गाय त्याचा भार बऱ्याचदा अंगावर काढतात, वरून धडधाकट दिसतात. मेंढीला ते झेपत नाही. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही, अशी ताकदही मेंढीच्या अंगात तयार होत नाही. औषध दिल्यावर ती पुन्हा ओल्या जागी चरली तर पुन्हा लागण होते. औषध दिलंच नाही तर हे जंत वर्षानुवर्षं तिच्या काळजात राहतात.

एका मेंढीकडून दुसरीला थेट होत नाही

ही गोष्ट सगळ्यात आधी लक्षात घ्यायची. खरूज, लाळ्या खुरकूत किंवा पीपीआर जसा शेजारच्या जनावराकडून लागतो, तसा लिव्हर फ्लूक लागत नाही. आजारी मेंढी कळपात असली तरी ती दुसरीला थेट आजारी करू शकत नाही. मधे पाणी आणि गोगलगाय लागतेच. जंताचा प्रवास असा होतो :

१. लेंडीतली किंवा शेणातली अंडी पाण्यात, चिखलात पडतात. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत ती फुटतात आणि त्यातून डोळ्याला न दिसणारं पिल्लू बाहेर येतं.

२. या पिल्लाला साधारण एका दिवसात ठरावीक जातीची पाणगोगलगाय सापडावी लागते. सापडली नाही तर ते मरतं.

३. सापडली तर ते गोगलगायीच्या अंगात शिरतं आणि तिथं वाढून एकाची शेकडो पिल्लं होतात. याला दीड ते दोन महिने लागतात. थंडीत जास्त.

४. मग ही पिल्लं गोगलगायीतून बाहेर पडतात, शेपटी हलवत पाण्यातून गवताच्या देठावर, भाताच्या बुडख्यावर जाऊन चिकटतात आणि स्वतःभोवती कडक कवच करून बसतात. काही पाण्यावरही तरंगत राहतात.

५. मेंढी ते गवत खाते किंवा ते पाणी पिते. कवच आतड्यात विरघळतं. पिल्लू आतडं भोकसून पोटाच्या पोकळीत येतं आणि तिथून काळजात घुसतं. पुढं कित्येक आठवडे ते काळजाचं मांस पोखरत फिरतं आणि शेवटी पित्ताच्या नळीत जाऊन बसतं. आपल्याकडच्या मोठ्या जातीत गवत खाल्ल्यापासून लेंडीत पहिलं अंडं दिसेपर्यंत तीन ते चार महिने जातात.

म्हणजे मृगाच्या पावसात पाण्यात पडलेल्या अंड्याचं फळ भाद्रपद-आश्विनात गवतावर येतं. ते मेंढीच्या पोटात कार्तिकात गेलं तर लेंडीत दिसायला माघ-फाल्गुन उजाडतो. आजार दिसतो तेव्हा मूळ जागा कुठल्या कुठं मागं राहिलेली असते. म्हणूनच "इथं येईपर्यंत मेंढरं चांगली होती" असं वाटतं आणि दोष भलत्याच चाऱ्यावर जातो.

हे कोडं कसं सुटलं?

मेंढीच्या काळजातल्या या जंताची लेखी नोंद युरोपात १३७९ सालापासून आहे. पण तो येतो कुठून, हे पुढची पाचशे वर्षं कुणालाच कळलं नव्हतं. १८७९-८० च्या अतिपावसाच्या हंगामात इंग्लंडमध्ये सुमारे ३० लाख मेंढ्या या रोगानं मेल्या. त्यानंतर तिथल्या शेती संस्थेनं ऑक्सफर्डच्या ए. पी. थॉमस या तरुण प्राणीशास्त्रज्ञाकडे शोधाचं काम दिलं. त्याच सुमारास जर्मनीत रुडॉल्फ लॉयकार्ट हेही स्वतंत्रपणे त्याच शोधात होते. १८८२-८३ मध्ये दोघांनीही दाखवून दिलं की या जंताची पिल्लं ओल्या जागेतल्या छोट्या गोगलगायीत वाढतात. तेव्हापासून रोग अडवायची जागा नक्की झाली. तो कळपातून नाही, ओलीतून येतो.

गोगलगाय कोणती?

आपल्याकडं फ्लूक पसरवणारी गोगलगाय लिम्निया जातीची असते. ती पातळ कवचाची, पिवळट-तपकिरी रंगाची, साधारण एक ते तीन सेंटीमीटरची असते. कवचाचं तोंड मोठं आणि कानासारखं पसरट असतं. टोक वर आणि तोंड आपल्याकडं धरलं की ते उजव्या हाताला उघडतं. संथ, स्वच्छ पाणी आणि त्यात शेवाळ किंवा पाणवनस्पती असली की ती तिथं राहते : तळ्याची कड, भातखाचर, कालव्याची चारी, गळतीचं डबकं. जोराच्या वाहत्या पाण्यात ती फारशी टिकत नाही.

दोन गैरसमज इथं दूर करायला हवेत. २०२२ मध्ये लातूर, बीड, धाराशिव भागात कोवळं सोयाबीन फस्त करणारी शंखी गोगलगाय जमिनीवरची आहे. पिकाचं नुकसान तिनं केलं, पण लिव्हर फ्लूक ती पसरवत नाही. दुसरी, तळ्यात दिसणारी चकलीसारखी चपटी गुंडाळलेली गोगलगाय. तीही लिव्हर फ्लूक पसरवत नाही. पण जनावराच्या पोटात होणाऱ्या दुसऱ्या चपट्या जंतांची पिल्लं तिच्यात वाढतात, त्यामुळं ती दिसली तरी जागा सुरक्षित समजू नये.

लिम्निया गोगलगाय एकाच अंगात नर-मादी दोन्ही असते. एकटी गोगलगाय नव्या पाण्यात पोचली तरी तिथं तिचं बेणं तयार होऊ शकतं. पाण्याबरोबर, पाणवनस्पतीबरोबर ती एका जागेवरून दुसरीकडं जाते.

आपल्याकडं धोका कुठं?

भातखाचरं. सातारा, सांगली, पुणे, अहिल्यानगर भागातले अनेक वाडे पावसाळा संपला की घाट उतरून कोकणात किंवा मावळपट्ट्यात जातात आणि उन्हाळा सरता सरता माघारी येतात. ही वहिवाट पिढ्यांची आणि शहाणपणाची आहे. कोकणातला पाऊस मेंढरांना सोसत नाही, म्हणून पावसाळा कोरड्या पठारावर काढायचा. पण भात कापून नुकतंच मोकळं झालेलं, अजून बुडाशी ओल असलेलं खाचर ही फ्लूकची ठरलेली जागा आहे. पिल्लं भाताच्या खालच्या भागावर, पाण्याच्या रेषेजवळ चिकटलेली असतात. कापून नेलेल्या वरच्या पेंढ्यात धोका कमी असतो. जमिनीवर राहिलेल्या बुडख्यात आणि त्यातून फुटलेल्या हिरव्या धुमाऱ्यांत तो जास्त असतो, आणि मेंढी नेमकी तेच खाते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या तलावांच्या भातपट्ट्यातही हीच गत.

कालवे आणि उपसा सिंचन. माण, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हे मेंढरांचे तालुके कोरडे म्हणून ओळखले गेले. आता टेंभू, म्हैसाळसारख्या योजनांचं पाणी यातल्या अनेक गावांत पोचलं आहे. पाणी आलं ही चांगलीच गोष्ट. पण चारीची गळती, पाझर, वर्षभर ओली राहणारी कड यांमुळं गोगलगायीलाही कायमची जागा मिळते. "आपल्या माळावर हा रोग नसतो" हा जुना अनुभव ओलिताखाली आलेल्या गावात गृहीत धरता येत नाही.

गावतळं आणि पाझर तलाव. म्हशी पाण्यात बसतात आणि तिथंच शेण टाकतात. म्हैस आजारी दिसत नाही, पण अंडी पाण्यात पडत राहतात. उन्हाळ्यात पाणी आटतं तसं काठावर हिरवं गवत उरतं. बाकी सगळीकडं वाळलेलं, म्हणून मेंढरं तिकडंच ओढली जातात. काही दिवसांपूर्वी पाण्याखाली असलेलं हे गवत फ्लूकच्या पिल्लांनी भरलेलं असू शकतं. त्यामुळं हा रोग फक्त पावसाळ्याचा नाही.

ऊन मात्र मेंढपाळाच्या बाजूनं आहे. गवतावरची पिल्लं ओल आणि गारव्यात महिनोन्महिने जगतात, पण कडक उन्हात वाळली की लवकर मरतात. कोरडा माळ, डोंगरउतार, पूर्ण वाळलेलं रान आणि चांगला उन्हात सुकवून साठवलेला पेंढा हे त्या मानानं सुरक्षित.

लक्षणं : आजाराची दोन रूपं

झटक्याचं रूप. एकाच वेळी खूप पिल्लं पोटात गेली तर ती काळीज पोखरत असतानाच मेंढी मरते. आतल्या आत रक्तस्राव होतो. एक-दोन दिवस मेंढी मागं राहते, पोटावर दाबलं तर दुखतं, धाप लागते, पापणी पांढरी पडते. कधी काहीच न दिसता ती मरते. ओल्या खाचरात कळप गेल्यावर दीड-दोन महिन्यांनी असे मृत्यू सुरू झाले तर फ्लूकचा संशय घ्यावा. या वेळी लेंडीत अंडी सापडत नाहीत, कारण जंत अजून लहान असतात.

हळूहळू झिजवणारं रूप. हे जास्त दिसतं. जंत पित्ताच्या नळ्यांत बसून महिनोन्महिने रक्त पितात.

- मेंढी खाते, पण अंग धरत नाही. पाठीचा कणा हाताला लागतो.
- डोळ्याची आतली पापणी गुलाबी न राहता फिकट, पांढरी होते.
- जबड्याखाली मऊ सूज येते. बोटानं दाबलं तर खड्डा पडतो. सकाळी कमी आणि चरून आल्यावर जास्त दिसते.
- लोकर कोरडी होते, ओढली की हातात येते.
- दूध कमी होतं, कोकरं किरकोळ राहतात, काही मेंढ्या गाभडतात किंवा माजावर येत नाहीत.

गफलत कुठं होते? जबड्याखालची सूज आणि पांढरी पापणी हिमोन्कस या पोटातल्या रक्त पिणाऱ्या गोल जंतानंही होते, आणि पावसाळ्यात तो खूप असतो. त्याला नेहमीची औषधं लागू पडतात. म्हणून त्या औषधानं फरक पडला नाही, कळप ओल्या जागी चरलेला आहे आणि हंगाम दिवाळीनंतरचा आहे, या तीन गोष्टी जुळल्या की फ्लूकची तपासणी करून घ्यावी. अचानक मृत्यू आंत्रविषारानंही होतात. लस दिली होती का, हे डॉक्टरांना सांगावं.

तपासणी कशी करायची?

मेलेल्या मेंढीचं काळीज. सगळ्यात खात्रीचा पुरावा हाच. मेंढी मेली तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलावून शवविच्छेदन करून घ्यावं. विमा असेल तर ते तसंही लागतंच. झटक्याच्या रूपात काळीज सुजलेलं, रक्ताळलेलं, वरून भोकं-भोकं पडलेलं दिसतं आणि पोटात रक्त साठलेलं असतं. जुन्या रोगात काळीज कडक आणि खडबडीत होतं, पित्ताच्या नळ्या जाड, पांढऱ्या होतात आणि नळी चिरून दाबली की पानासारखे जंत बाहेर येतात. कळपातलं बकरं कापलं गेलं तर त्याचंही काळीज बघून घ्यावं. खाटकाला विचारलं तरी समजतं.

लेंडी तपासणी. वाळलेल्या आणि बऱ्या अशा आठ-दहा मेंढ्यांची ताजी लेंडी स्वच्छ डबीत घ्यावी, जमिनीवरची जुनी उचलू नये. डबीवर तारीख आणि कळप कुठं चरला ते लिहावं. सावलीत, गार जागी ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात पोचवावी. तिथं "लिव्हर फ्लूकसाठी तपासायचं आहे" असं आवर्जून सांगावं. फ्लूकचं अंडं जड असतं. नेहमीच्या जंताची अंडी द्रावणावर तरंगतात तशी ही तरंगत नाहीत, त्यासाठी तळ बसवून तपासावं लागतं. न सांगता नमुना दिला आणि फक्त तरंगणारी अंडी पाहिली गेली, तर रोग असूनही "जंत नाहीत" असा निकाल येऊ शकतो.

तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसेल तर नमुना जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात, पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात किंवा शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत पाठवता येतो. फिरत्या वाड्याला गावचा दवाखाना लांब पडत असेल तर १९६२ या मोफत क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मागणी करावी.

कोणतं औषध कशावर चालतं?

सगळ्यात जास्त पैसा आणि मेंढरं वाया जातात ती इथंच. बाटलीवरचं कंपनीचं नाव नाही, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव वाचायचं.

फ्लूकवर चालत नाहीत : आयव्हरमेक्टिन आणि लेव्हामिसोल. नेहमीच्या मात्रेतलं फेनबेंडाझोलही नाही. गोल जंतावर ही औषधं चांगली आहेत, फ्लूकला त्यांनी काही होत नाही. मात्र काही बाटल्यांत दोन औषधं एकत्र असतात. त्यातलं दुसरं फ्लूकवरचं आहे का, ते पाहावं.

फक्त मोठ्या जंतावर चालतात : ऑक्सिक्लोझानाइड, आणि वाढीव मात्रेत दिलेलं अल्बेंडाझोल. नळीत बसलेला पूर्ण वाढलेला जंत यांनी मरतो. काळीज पोखरत फिरणारी पिल्लं मरत नाहीत. म्हणून डिसेंबर-जानेवारीत अचानक मेंढ्या मरत असताना ही औषधं उपयोगी पडत नाहीत.

अर्धवट वाढलेल्या आणि मोठ्या जंतावर चालतात : क्लोझँटेल, रॅफोक्सानाइड, नायट्रॉक्सिनिल. साधारण सहा-आठ आठवड्यांच्या पुढच्या जंतावर यांचा उपयोग होतो.

कोवळ्या पिल्लांपासून मोठ्या जंतापर्यंत चालतं : ट्रायक्लाबेंडाझोल. झटक्याच्या रोगात याचाच आधार असतो. पण गोल जंतावर याचा उपयोग नाही, हेही तितकंच खरं.

ट्रायक्लाबेंडाझोल जपून वापरायला हवं. ऑस्ट्रेलियात १९९५ मध्ये त्याला न मरणारे फ्लूक मेंढ्यांत आढळले. पुढं ब्रिटन, आयर्लंड आणि इतर देशांतही तसेच आढळले. तेच औषध वर्षानुवर्षं, कमी मात्रेत आणि गरज नसताना दिलं की असं होतं. पिल्लांचा धोका असतो तेव्हाच ते द्यावं, आणि फक्त मोठे जंत मारायचे असतील तेव्हा दुसरं वापरावं.

कधी पाजायचं?

सगळीकडं एकच तारीख चालत नाही. कळप ओल्या जागी कधी गेला, यावरून हिशोब धरायचा. पशुवैद्यकाशी बोलून साधारण असं नियोजन करता येतं :

- ओल्या खाचरात किंवा काठावर चराई सुरू झाल्यापासून सहा-आठ आठवड्यांनी : पिल्लांवर चालणारं औषध. दिवाळीनंतर खाचरात उतरलेल्या कळपासाठी ही वेळ डिसेंबरअखेर ते जानेवारीत येते.
- उन्हाळ्याअखेर, मृगाच्या आधी : मोठ्या जंतावरचं औषध. पावसाळ्याच्या तोंडावर अंडी घालणारे जंत मेले की नव्या पाण्यात पडणारी अंडी कमी होतात. माघारी आलेल्या वाड्यानं हा डोस चुकवला तर कोकणातला रोग आपल्याच गावच्या पाण्यात पोचण्याची भीती असते.
- नवीन विकत आणलेल्या मेंढ्या : बाजारातून आणलेल्या मेंढ्यांना आधी औषध द्यावं, लेंडी तपासावी आणि काही दिवस कोरड्या जागी वेगळं बांधून मगच कळपात सोडावं.

गावात एकाच कळपाला औषध दिलं आणि तळ्यावरच्या म्हशी तशाच राहिल्या तर पाणी पुन्हा भरतं. ग्रामपंचायत आणि दवाखान्यानं मिळून मृगाआधी गावातल्या सगळ्याच जनावरांना औषध पाजण्याचं शिबिर घेतलं तर फायदा सगळ्यांना होतो.

पाजताना घ्यायची काळजी

- मात्रा वजनावर ठरते. डोळ्यानं अंदाज घेतला की तो बहुधा कमी पडतो. काट्यावर चार-पाच मेंढ्या तोलून बघाव्यात. मोठ्या, मध्यम आणि कोकरं असे गट करून त्या त्या गटातल्या जड मेंढीच्या वजनानं मात्रा धरावी.
- क्लोझँटेल मात्र जास्त झालं तर मेंढी आंधळी होऊ शकते. "एक झाकण जास्त" हा हिशोब इथं चालत नाही.
- गाभण मेंढीला, विशेषतः पहिल्या महिन्यात, अल्बेंडाझोल देऊ नये. कोकरात व्यंग येऊ शकतं.
- अगदी अशक्त मेंढीला औषध, टॉनिक आणि चारा डॉक्टरांच्या सल्ल्यानंच द्यावा.
- बाटली हलवून घ्यावी. मेंढीचं तोंड फार वर करू नये. जिभेच्या मागच्या भागावर हळूहळू सोडावं, नाहीतर औषध फुप्फुसात जातं.
- औषध दिल्यावर किती दिवस दूध-मटण वापरायचं नाही ते बाटलीवर लिहिलेलं असतं. तेवढे दिवस पाळावेत.
- औषध लागू पडलं का हे पाहण्यासाठी तीन-चार आठवड्यांनी पुन्हा लेंडी तपासावी.

चराई आणि पाणी : बिनपैशाचा उपाय

औषध काळजातला जंत मारतं, गवतावरचा नाही. म्हणून खरी अडवणूक चराईतच आहे.

- भात काढल्यावर खाचर लगेच चारू नये. जमीन तडकेपर्यंत, बुडखे वाळेपर्यंत थांबावं. आधी वरची, निचऱ्याची खाचरं चारावीत, सखल आणि झऱ्याजवळची शेवटी.
- मेंढ्या बसवण्यासाठी शेत ठरवताना बांधाला पाझर आहे का, चारी फुटलेली आहे का, हे बघावं. वाघर उंचवट्यावर, कोरड्या जागी लावावी.
- तळ्याची आणि कालव्याची ओली कड काटेरी फांद्या टाकून बंद करावी. मेंढरांना पाणी विहिरीचं, बोअरचं किंवा हौदातलं पाजावं. हौदाभोवती चिखल होऊ देऊ नये, गळकी तोटी दुरुस्त करावी.
- ओल्या जागेतलं गवत वापरायचंच असेल तर कापून, कडक उन्हात पूर्ण वाळवून, साठवून मग घालावं.
- मेंढ्या बसवून घेणाऱ्या शेतकऱ्यानंही वाटा उचलावा. शेताला खत हवं असेल तर कळपाला कोरडी जागा आणि स्वच्छ पाणी देणं हा व्यवहाराचाच भाग समजावा.
- रोगट काळीज उघड्यावर किंवा पाण्यात टाकू नये, खोल पुरावं. कुत्र्याला कच्चं काळीज घालू नये. त्यातून लिव्हर फ्लूक होत नसला तरी पाणफोडाचे जंत कुत्र्यामार्फत माणसापर्यंत येतात.

मोरचूद टाकू नका. गोगलगायी मारायला पाण्यात मोरचूद टाकण्याचा जुना सल्ला अजून दिला जातो. मोरचुदातलं तांबं मेंढीला फार लवकर विषारी ठरतं, आणि मासेही मरतात. मेंढरं चरतात-पितात तिथं ते अजिबात वापरू नये. पाण्याचा निचरा करणं, चारी साफ ठेवणं, डबकी बुजवणं हेच टिकाऊ उपाय. बदकं गोगलगायी खातात, त्यामुळं भातपट्ट्यात बदकपालनाचाही थोडा हातभार लागतो.

मेंढीची जात बदलून उपयोग होतो का? इंडोनेशियातल्या पातळ शेपटीच्या मेंढ्या मोठ्या जातीच्या फ्लूकला बऱ्यापैकी दाद देत नाहीत, असं अभ्यासात दिसलं आहे. पण त्याच मेंढ्या लहान जातीच्या फ्लूकपुढं टिकत नाहीत. आपल्या दख्खनी, माडग्याळ मेंढ्यांसाठी आज तरी चराई आणि वेळेवरचं औषध हाच मार्ग धरावा.

माणसाला धोका आहे का?

आजारी मेंढीला हात लावून, तिचं दूध पिऊन किंवा नीट शिजवलेलं मटण-काळीज खाऊन लिव्हर फ्लूक होत नाही. माणसाला तो मेंढीसारखाच लागतो : पाण्यातली भाजी कच्ची खाल्ल्यानं किंवा डबक्याचं, चारीचं पाणी तसंच प्यायल्यानं. रानात असताना पाणी उकळून किंवा चांगल्या स्रोताचंच प्यावं. तळ्यातल्या भाज्या शिजवूनच खाव्यात.

थोडक्यात लक्षात ठेवा

- लिव्हर फ्लूक मेंढीकडून मेंढीला नाही, ओल्या जागेतून लागतो.
- खाल्लेल्या गवताचा परिणाम दीड ते चार महिन्यांनी दिसतो. कळप मागं कुठं चरला ते आठवून डॉक्टरांना सांगा.
- लेंडीत अंडी नाहीत म्हणजे रोग नाही, असं पहिल्या तीन महिन्यांत म्हणता येत नाही.
- आयव्हरमेक्टिननं फ्लूक मरत नाही. बाटलीवरचं औषधाचं नाव वाचा.
- हिवाळ्यात पिल्लांवरचं आणि मृगाआधी मोठ्या जंतावरचं, असे दोन डोस वजनावर आणि सल्ल्यानं द्या.
- मेलेली मेंढी तपासल्याशिवाय पुरू नका. एका मेंढीच्या काळजात दिसलेलं कारण बाकीचा कळप वाचवतं.